प्राईड बघायला

चाकणला गाड्यांच्या सीट बनवणारी एक कंपनी आहे. तिथे दीक्षा भालेराव हे नाव काढलं की शिलाईच्या लाइनवरची माणसं आपोआप ताठ बसतात. बाई क्वालिटीत आहे. शिलाई अर्धा मिलिमीटर जरी वाकडी गेली तरी तिला ती दिसते, आणि दिसली की लाल स्टिकर. वरचे साहेब येऊन गयावया करतात, मॅडम, एवढं चालवून घ्या, गाडी बाहेर उभी आहे. पण ही हूं नाही की चूं नाही. लाल ते लालच. तेरा वर्षांत तिच्या हातून एक वाकडी सीट बाहेर गेलेली नाही आणि याचा तिला गर्व आहे, खोटं कशाला बोला.

आता अशी बाई लग्नाच्या बाबतीत काय करणार? तेच केलं तिने. पिंपरीत बौद्ध वधू-वर मेळावा भरतो आणि तिची आई सोजरबाई दरवर्षी न चुकता लेकीचं नाव घालते. एका स्थळाला दीक्षाने तो फार हसतो म्हणून नाकारलं, दुसऱ्याला हसतच नाही म्हणून. तिसरा बिचारा निर्दोष होता. सरकारी नोकरी, निर्व्यसनी, स्वतःचं ताट स्वतः घासणारा. त्याच्या शर्टाची कॉलर एका बाजूने वर आली होती, एवढ्यावर तो गेला. सोजरबाईने चार दिवस अबोला धरला, पाचव्या दिवशी मीठ कुठे ठेवलंय हे विचारायला मोडला.

खरं कारण सांगवीत राहत होतं. तिचं नाव तनुजा. चिपळूणची पोर, एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची नोकरी करते, आणि सुई नसेल तेव्हा जिभेने काढते. कंपनीत दरवर्षी कामगारांची तपासणी होते, त्यासाठी ती चार वर्षांपूर्वी आली होती. साऱ्या लाइनला धाकात ठेवणारी आपली दीक्षा मॅडम खुर्चीत बसली, बाही वर केली आणि धाडकन बेशुद्ध पडली. डोळे उघडले तेव्हा तनुजा वाकून सांगत होती, "मॅडम, मी अजून टोचलेलं नाही." झालं. चार महिन्यांत दोघींचं जमलं. ती घरी आली की सोजरबाई तिला रक्तवाली म्हणायची आणि जेवल्याशिवाय सोडायची नाही. पुढचं काही सोजरबाईला ठाऊक नव्हतं.

तनुजाने आपल्या घरी कधीच सांगून टाकलं होतं. तिच्या वडिलांनी वर्षभर फोन उचलला नाही, मग एक दिवस एसटीतून कोकमाची बरणी पाठवली, ती कुणासाठी हे न लिहिता. पण बरणीला दोन चमचे बांधले होते. दीक्षाचं मात्र घोडं अडलेलं. सांगते, सांगते, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. चौदा एप्रिल होऊ दे. तोही झाला. कंपनीत लाल स्टिकर लावणारी बाई घरात आईसमोर मांजर व्हायची.

यंदा चिंचवडला प्राईड परेड निघणार होती आणि तनुजा त्यात बॅनर धरून चालणार होती. गेली दोन वर्षं ती पुण्याच्या परेडला गेली, दोन्ही वेळा दीक्षाला ऐनवेळी ओव्हरटाइम लागला. लागला म्हणजे तिने मागून घेतला. या खेपेला तनुजा फोनवर भांडली नाही. शांतपणे म्हणाली, "तू चालू नकोस. फुटपाथवर उभी राहा आणि मला दिसेल असा हात कर, एवढंच. नाही आलीस तर मी समजून घेईन. पण मग कायमचंच समजून घेईन."

दीक्षाच्या तोंडचं पाणी पळालं. भांडणारी तनुजा परवडली, समजून घेणारी नको. ती घाईघाईने म्हणाली, येते, नक्की येते, उद्या सकाळी प्राईड बघायला येतेच.

आणि इथेच माशी शिंकली. कारण आत सोजरबाई भाकरी थापत होती, आणि तिने ऐकलं.

आता आपल्या भागातल्या माणसाला प्राईड म्हटलं की काय आठवणार, तुम्हीच सांगा. चऱ्होलीपासून रावेतपर्यंत कुठेही दगड मारा, तो कुठल्यातरी हाइट्सला, ग्रीन्सला नाहीतर प्राईडला लागतो. सोजरबाईने वीस वर्षं एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटल्या होत्या, नवऱ्याच्या मागे लेकीला शिकवलं होतं आणि दोन खोल्यांत आयुष्य काढलं होतं. तिला मरायच्या आत गॅलरीत खुर्ची टाकून चहा प्यायचा होता. लेक आपल्याला न सांगता फ्लॅट बघतेय, म्हणजे अचानक आणून उभं करणार, हे तिने ओळखलं. ओळखलं म्हणजे काय, सपशेल चुकीचं ओळखलं. पण बाईचा आनंद गगनात मावेना.

सकाळी दीक्षा अंघोळ करून बाहेर येते तर आई ठेवणीतली पांढरी साडी नेसून दारात तयार. हातात पिशवी. पिशवीत आधार कार्डाच्या झेरॉक्स, पाण्याची बाटली, चपात्यांचा डबा आणि दीक्षाचीच मापायची टेप. जाहिरातीतला हॉल आणि खरा हॉल यात फरक असतो, हे तिला शेजारच्या मंजुळाबाईने बजावलं होतं. दीक्षा चाचरत म्हणाली की आई, हे प्राईड तसलं नाही, वेगळं आहे. वेगळं म्हणजे रेडी पझेशन का, असं सोजरबाईने विचारलं आणि चपला घातल्या.

सांगायला रिक्षात वीस मिनिटं होती. दीक्षाने तीन वेळा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा जांभई दिली.

चिंचवडला रस्त्यावर ढोल-ताशे चालू होते, कमानीला सात रंगांचे फुगे होते, पोरंपोरी नटूनथटून नाचत होती. सोजरबाई खूश. बिल्डर हौशी दिसतोय म्हणाली. दीक्षा मात्र विजेच्या डीपीच्या आडोशाला सरकली. डीपीवर धोक्याची पाटी आणि कवटी होती, तिच्यामागून हिचा अर्धा चेहरा दिसत होता. कंपनीची बस याच रस्त्याने जाते, रविवारी जात नाही, पण भीतीला वार कुठे कळतो? आई तिच्यासमोर ऐन फुटपाथवर, छत्री उघडून उभी.

तेवढ्यात गणराज नावाचे एक गृहस्थ आले. बँकेतून निवृत्त, डोक्याला सातरंगी फेटा, दोन्ही गालांवर इंद्रधनुष्य, गळ्यात बॅजांची पिशवी. सोजरबाईला वाटलं हाच सेल्सवाला. तिने पहिला प्रश्न टाकला की पाणी रोज येतं का दिवसाआड. गणराजांना वाटलं मावशींना तहान लागली, त्यांनी बाटली पुढे केली. सोजरबाईला ही सोय फार आवडली. मग तिने आवाज खाली आणून तो दुसरा प्रश्न विचारला, जो भाड्याचं घर शोधताना तिला उभ्या जन्मात सगळ्यांनी विचारला होता. हितं आडनाव बघून घेतात का, म्हणाली. कारण भालेराव म्हटल्यावर खोली कालच गेली असं सांगणारे मालक तिने मोप बघितले होते.

गणराजांनी बॅजांची पिशवी पाठीमागे सारली. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "मावशी, इथे कुणी जात विचारत नाही, आडनाव विचारत नाही. ज्याने त्याने जसं आहे तसं यावं."

सोजरबाईने डीपीकडे वळून लेकीला सांगितलं की दिक्षे, हितंच घ्यायचं. दीक्षाने कवटीच्या मागे डोळे मिटले.

गणराजांनी पुढे अदबीने विचारलं, "मग मावशी, तुम्ही अलाय का?"

अलाय म्हणजे यांच्या लढ्यातला सोबती, इंग्रजी शब्द आहे. पण बार्शीकडच्या बाईला तो कसा ऐकू येणार? सोजरबाई म्हणाली, "आलेय की. मघाधरनं उभी हाय. पोरीसंगं आलेय."

पोरीसंगं म्हटल्यावर गणराजांनी डोळे पुसले, तिच्या पांढऱ्या साडीवर भला मोठा बॅज लावला आणि असे आईबाप सगळ्यांना मिळोत म्हणून पुढे गेले. हे काय टोकन आहे का, असं सोजरबाईने विचारलं. दीक्षाला धड हसूही येईना आणि रडूही येईना.

मग परेड आली. सोजरबाई प्रौढ साक्षरता वर्गात चाळिशीत वाचायला शिकलेली. दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची तिला सवय, आणि एकदा धरलेलं अक्षर ती सोडत नसे. समोरून दोन मुली एक फलक धरून चालल्या होत्या. सोजरबाईने डोळे बारीक केले आणि सुरुवात केली. बा-ईचं. बा-ईवर. प्रे-म. हा-य तर हा-य. आजूबाजूच्या चार जणांनी टाळ्या वाजवल्या. सोजरबाईने तो फलक पुन्हा एकदा पाहिला. फुगे पाहिले. मागून येणाऱ्या, एकमेकांचे हात धरलेल्या बायका पाहिल्या. मग छत्री मिटली आणि डीपीमागे आली.

ही कुठली स्कीम आहे, असं तिने विचारलं, पण विचारतानाच तिचा आवाज उतरला होता.

दीक्षाला कळलं की आता जांभई चालणार नाही. ती म्हणाली, "आई, इथे घर नाहीये. ही माझ्यासारख्या लोकांची मिरवणूक आहे. मला नवरा नकोय, कधीच नको होता. तनुजा माझी नुसती मैत्रीण नाही. मला तिच्याबरोबर राहायचंय."

ढोल वाजत होते. सोजरबाई पिशवीचे बंद चाचपत राहिली. मग तिने एकच विचारलं, तिच्या घरी ठाऊक हाय का. दीक्षा म्हणाली, आहे, तीन वर्षांपासून.

"म्हंजे चिपळूणपातुर समद्यांस्नी ठाऊक," सोजरबाई म्हणाली, "आन् मी रोज तुझ्या उशाला निजते, मला न्हाई."

दीक्षाने आयुष्यात पुष्कळ चुका पकडल्या होत्या, पण ही तिची स्वतःची होती आणि तिला ती आत्ता दिसली. आई नाही म्हणेल, रडेल, घराबाहेर काढेल, या सगळ्याची तयारी तिने चार वर्षं केली होती. आईला वाईट वाटेल ते न सांगितल्याचं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने आईचा हात धरायला हात पुढे केला. सोजरबाईने धरू दिला नाही. बाई चिडली होती, आणि चिडायचा तिला हक्क होता.

एवढ्यात तनुजाचा बॅनर आला. एक टोक तिच्या हातात, मान वळवून ती पलीकडचा फुटपाथ बघत होती. एकेक चेहरा बघत होती, आणि दीक्षा अलीकडे, डीपीमागे. दीक्षाने हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. बॅनर समोरून सरकला. तनुजाने पलीकडचा फुटपाथ संपवला, मान सरळ केली आणि पुढे बघून चालू लागली. पाठमोरी तनुजा लांब लांब जाऊ लागली आणि दीक्षाला वाटलं, संपलं, हिने समजून घेतलं.

सोजरबाईने लेकीकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. कँटीनमध्ये चारशे माणसांना, तेही मशिनी चालू असताना, चपात्या संपल्या हे या बाईने वीस वर्षं माइकशिवाय सांगितलं होतं.

"ए रक्तवाले!"

ढोल थांबले. दोन हवालदार दचकून वळले. गणराजांचा फेटा तिरका झाला. साऱ्या मिरवणुकीत ते बिरूद फक्त एकीचं होतं आणि ती गर्रकन मागे फिरली. तिला आधी छातीवर बॅज लावलेली सोजरबाई दिसली, मग तिच्या बाजूला, डीपीच्या बाहेर आलेली, हात कोपरापासून नाही तर खांद्यापासून हलवणारी दीक्षा. तनुजाच्या हातातून बॅनरचं टोक सुटलं. मागचे लोक त्यावर अडखळले, कुणीतरी कुणाच्या तरी पायावर पाय दिला, आणि परेड जागीच तुंबली.

दीक्षा रडत होती आणि तसंच आईला विचारत होती की तुला चाललं का, तू काय ठरवलंस, काहीतरी बोल.

"माझा लई राग हाय तुझ्यावर," सोजरबाई म्हणाली. "त्यो घरी गेल्यावर काढणार हाय, सोडणार न्हाई. पर ती पोर तिथं उन्हात तुझ्यापायी खोळंबलीय. आधी तिच्याकडं जा."

आणि जागची हलत नाही म्हटल्यावर तिने लेकीला पाठीत धपाटा घालून रस्त्यावर उतरवलं.