तांब्याच्या कळशीतलं पाणी

घरात समुद्र आला तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, की याला मीठ कोणतं घातलंस. मी खरं ते सांगितलं. माशांच्या या काचेच्या टाकीसाठी वेगळं मीठ मिळतं, ते बादलीने विकत आणायचं, गाळलेल्या पाण्यात विरघळवायचं आणि अशा तयार केलेल्या समुद्रात मासे, कोळंबी, जिवंत प्रवाळ सोडायचे. आईने ऐकून घेतलं. तिचं सासर खारबावचं. खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून तिने माझ्या वडिलांच्या बरोबरीने जन्मभर बांधाला माती लावली होती. ज्याला बाहेर ठेवता ठेवता आमची हाडं झिजली, त्याला तू पैसे मोजून घरात आणलंस, एवढंच ती म्हणाली आणि कांदा चिरायला गेली.

मी भिवंडीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ड्युटी सकाळी सातची. दिवसभर लोकांचं रक्त तपासते, त्यामुळे अंगात नेमकेपणा आलाय असं मला वाटतं. आईच्या मते तो नेमकेपणा नसून खवटपणा आहे. वडील गेल्यावर मी तिला माझ्या फ्लॅटवर आणलं, पण तीन वर्षं ती इथे पाहुणीसारखी राहिली. तुझा गॅस, तुझा टीव्ही, तुझी गॅलरी. गावाहून येताना तिने स्वतःची म्हणून एकच वस्तू आणली होती, ती तांब्याची कळशी. दिघाशीच्या माहेराहून लग्नात मिळालेली. रोज चिंचेने घासून लखलखीत करायची, रात्री भरायची आणि सकाळी त्यातलंच पाणी प्यायची. साठी उलटून गेली तरी एक गोळी चालू नाही, हे त्या कळशीमुळेच, असं ती शेजारणींना सांगत असे. मी दोन-तीनदा शास्त्र सांगून पाहिलं. तिने ते कानाआड केलं.

टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर घालायची ती गोड्या पाण्याची, तेही फिल्टरमधून काढलेलं. हे आईला समजावून सांगावं लागलं नाही. मिठागरांच्या शेजारी आयुष्य काढलेल्या बाईला ते माझ्याआधीच ठाऊक होतं. फिल्टरचं पाणी मी ओट्याखाली निळ्या कॅनमध्ये भरून ठेवत असे. दुपारी मी घरी नसायची, त्यामुळे भर घालायचं काम आईने आपणहून घेतलं.

टाकीत एक कोळंबी होती, लाल अंगाची आणि पाठीवर पांढरा पट्टा असलेली. माशांच्या अंगावरची घाण वेचून खाणारी जात. आईने पाण्यात हात घातला की ती बोटांवर चढून नखं कोरत बसायची. एकदा तिने कात टाकली. पारदर्शक कवच तळाशी पडलेलं पाहून आम्ही दोघींनी ती मेली असं धरलं, आणि संध्याकाळी बाई दगडाआडून बाहेर आल्या. आई त्या दिवशी मोठ्याने हसली. पुढे त्याच हाताने ती कोळंबीचं कालवण करायची, म्हणून मी टोमणा मारला. ती म्हणाली, “खायची येगळी, आपल्या घरची येगळी.”

आपल्या घरची. तीन वर्षांत तिने या घराला पहिल्यांदा आपलं म्हटलं होतं. मला फार बरं वाटलं.

उन्हाळ्याच्या अखेरीस टाकीतल्या गोगलगायी काचेवरून गळून पडायला लागल्या. मग प्रवाळांनी तोंडं मिटली. मी खारटपणा मोजला, तापमान मोजलं, होती नव्हती ती सगळी रसायनं तपासली. सगळं ठीक होतं. एका सकाळी कोळंबी तळाशी आडवी पडलेली दिसली. आई म्हणाली, कात टाकली असेल, येईल बाहेर. दोन दिवस तिने मला ती काढू दिली नाही.

मी दुकानदाराला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, कॉपर चेक किया?” मी केलं नव्हतं. तांबं माशांना थोडंफार सोसतं, पण कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना ते विषच. दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्या हलवणाऱ्या बाईला स्वतःच्या घरी ही एक नळी सुचू नये. किट आणलं, थेंब टाकले, पाण्याला रंग चढला.

तांबं आलं कुठून ते पुढच्या रविवारी कळलं. एरवी रविवारी दुपारी मी झोपते, त्या दिवशी हॉलमध्ये बसले होते आणि आई माझ्यासमोरच कळशी घेऊन टाकीपाशी आली. कॅनमधलं पाणी कळशीत का, असं मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

“तुझ्या मशीनच्या पान्यात जीव न्हाय,” ती म्हणाली. “मी रातभर तांब्यात ठेवते न मंग घालते.”

चिंचेने घासलेलं तांबं, त्यात रात्रभर ठेवलेलं, क्षारही न उरलेलं फिल्टरचं पाणी, आणि हे रोज, चार महिने. हिशेब अगदी सरळ होता. तिने आपल्याकडचं सगळ्यात चांगलं पाणी त्यांना दिलं होतं.

मी खोटं बोलले. म्हटलं, टँकरचं पाणी खराब आलं असणार, फिल्टरलाही ते झेपलं नसेल, त्यानेच सगळी मेली. वर असंही म्हटलं, की दुपारी उकाडा असतो, तू आता राहू दे, सकाळी निघण्याआधी मीच भर घालत जाईन. खरं सांगितलं तर ती पुन्हा पाहुणी होईल याची मला भीती वाटली. कळशीही माळ्यावर गेली असती. मला त्या क्षणी मी फार समजूतदार वाटले.

तांबं शोषून घेणाऱ्या पिशव्या लावल्या, पाणी बदलत राहिले. अडीच महिन्यांनी नळीत रंग चढेनासा झाला. उरलेल्या प्रवाळांनी हळूहळू तोंडं उघडली. मी दुसरी कोळंबी आणली. ही जरा भित्री होती, पण तिसऱ्या दिवशी आईच्या करंगळीवर आली. आईने मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं आणि दाखवलं.

बाराव्या दिवशी तीही मेली. मी लगेच नळी काढली. रंग चढला. मग कॅनमधलं पाणी तपासलं, तर ते टाकीपेक्षा गडद. त्या पाण्याची भर रोज सकाळी मी स्वतःच्या हाताने घालत होते.

आईला विचारलं. तिने लपवलं नाही. टँकरचं पाणी खराब म्हणालीस ना, म्हणून ही नवी आल्यापासून रोज रात्री निम्मा कॅन कळशीत ओतून ठेवते, पहाटे तू उठायच्या आत परत कॅनमध्ये भरते, म्हणजे त्यातला दोष जाईल. तुला आवडणार नाही म्हणून बोलले नाही, असंही ती म्हणाली.

आता गत्यंतर नव्हतं. मी तिला खाली बसवलं आणि तांबं कोळंबीला कसं मारतं ते सांगितलं. दोन्ही नळ्या दाखवल्या, एक नळाच्या पाण्याची, एक कॅनची. लॅबमध्ये मी पेशंटशी जशी बोलते तशीच बोलत होते, आणि ते माझं मलाच ऐकू येत होतं. ती कळशीकडे बघत राहिली.

“पयली पन यानंच गेली?”

मी हो म्हटलं.

“तुला तवाच ठावं होतं?”

हो.

आईने कळशीच्या काठावरून बोट फिरवलं. रडली नाही, रागावलीही नाही.

“तवाच बोलली असतीस बाय, त दुसरी वाचली असती.”

मग ती उठली आणि निळा कॅन उचलून तिने मोरीत उपडा केला.