मास्तरांनी निवडलेले स्पीकर

कुणाच्याही घरी गेले की मास्तर चपला काढून थेट हॉलच्या मधोमध उभे राहायचे आणि एकदाच, जोरात टाळी वाजवायचे. घरातली बाई दचकून स्वयंपाकघरातून बाहेर यायची. मास्तर मान वाकडी करून भिंतींकडे बघत असायचे. मग म्हणायचे, "डबा नंतर. आधी खोली काय म्हणते ते बघू." डबा म्हणजे स्पीकर.

लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात मशीन नीट चालू ठेवणाऱ्या माणसाला आमच्या सुरतेत मास्तर म्हणतात. शाळेशी त्यांचा काही संबंध नाही. हे मास्तर मूळचे शिरपूरकडचे. तीस वर्षं सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात होते आणि डिंडोलीत आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. सुट्टीच्या दिवशी त्यांचा एकच उद्योग, लोकांना गाण्याची यंत्रं निवडून देणं. गल्लीत कुणी अँप्लिफायर घ्यायचं नुसतं मनात आणलं तरी आधी मास्तरांकडे जायचा. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याला विचारल्याशिवाय फ्रिज घ्यायचा नाही की पंखा.

मी बँकेतून निवृत्त झालो आणि ठरवलं, आता मोबाइलच्या टीचभर भोकातून गाणी ऐकायची नाहीत. हॉलमध्ये नीट स्टिरिओ पाहिजे. महिनाभर व्हिडिओ बघितले, दोन पानं भरून यादी केली आणि मोठ्या रुबाबात मास्तरांपुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि परत माझ्याच खिशात ठेवली. "साहेब, कागदावर सगळेच चांगले वाजतात," एवढंच म्हणाले. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

मग टाळी झाली. आमची खोली म्हणे फार बोलते, म्हणजे आवाज घुमतो. खाली टाइल्स, समोर काचेचं शोकेस, मागे काचेची खिडकी. दुसऱ्या दिवशी मास्तर कुठूनसं जाडजूड कापड घेऊन आले आणि आमच्या हिच्याकडून दुहेरी पडदे शिवून घेतले. सुरतेत कापडाला काय तोटा!

दुकानात त्यांनी आधी अँप्लिफायर लावून घेतला, अर्धा तास वाजू दिला आणि पाठीवर तळहात ठेवून बसले. ताप आलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसे. वॉट किती, हे विचारायचंच नाही. घरातल्या आवाजात तासन्‌तास थंड राहतो का, एवढं बघायचं. मला ते पटलं. मग स्पीकर. पाच जोड्या बदलून झाल्या तरी यांचे डोळे मिटलेलेच. दुकानदार शेवटी कंटाळून म्हणाला, "मास्टर, हवे तो कंईक पसंद करो." आता तरी काहीतरी पसंत करा. मला दुसरी जोडी फार आवडली होती. मी तसं म्हटल्यावर मास्तरांनी मान हलवली.

"ते तोंडावर पदर घेऊन बोलतात, साहेब. हे बघा, हे कसे मोकळे."

मोकळे म्हणजे कसले, त्या पाचव्या जोडीतली झांज माझ्या कानातून आरपार गेली. पण मी गप्प बसलो. उभा जन्म खातेपुस्तकांत गेलेला माणूस मी, मला कानातलं काय कळतं? मास्तर म्हणतात म्हणजे असेल.

घरी आल्यावर चार दिवसांत हिचं डोकं दुखायला लागलं. भजन लावलं की झांज टोचायची, गायिकेचा प्रत्येक 'स' फुत्कारायचा. शेवटी आम्ही अँप्लिफायरवरचं ट्रेबलचं बटण, म्हणजे बारीक, टोकदार आवाजाचं बटण, अगदी खाली आणलं आणि सुखानं ऐकायला लागलो. मात्र मास्तर यायचे असले की ही आठवणीनं ते बटण परत वर करायची. मास्तर समाधानानं ऐकायचे, आम्ही दोघं दात दाबून हसऱ्या तोंडानं बसायचो. चहा झाला, ते गेले, की बटण खाली. अशी तीन वर्षं काढली. हसू नका, तुम्हीही कुणाची तरी भेटवस्तू तो घरी आल्यावरच बाहेर काढत असाल.

एका दुपारी मात्र ते न सांगता आले. भजन चालूच होतं. मास्तर बसले, डोळे मिटले, म्हणाले, "काय मोकळं वाजतंय बघा." मग सवयीनं उठून अँप्लिफायरच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि बटण खाली दिसलं.

हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. पुसताना फिरलं असेल, मी ठोकून दिलं. पण हिला खोटं सहन होत नाही.

"मीच केलं, मास्तर," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यापासून. तो आवाज आम्हाला टोचतो हो."

मी तिच्याकडे असं बघितलं की बस. मास्तरांनी बटण पूर्ण वर केलं. हिचा हात नकळत कानाकडे गेला, आणि तो त्यांनी बघितला. परत खाली केलं. परत वर. चार-पाच वेळा. मग माझ्याकडे वळले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला साहेब न म्हणता, गावाकडच्या अहिराणीत म्हणाले, "भाऊ, मना कान ग्यात का?"

माझे कान गेले का, असं विचारत होते ते. लूमच्या खडखडाटात बारीक आवाज आधी जातो, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. मास्तरांना ते आधीच माहीत होतं. आपल्या हाताखालच्या सगळ्या कामगारांना ते दमदाटी करून कानात बोळे घालायला लावायचे. स्वतः मात्र कधी घातले नाहीत. मी चिडून विचारलं, का नाही घातले? तर म्हणाले, "मशीन बिघडायच्या आधी आवाज बदलते, साहेब. मी बोळे घातले असते तर मला तिनं सांगितलं कसं असतं?"

पुढचे दोन दिवस ते गल्लीतल्या एकेका घरी गेले, जिथं जिथं त्यांनी स्पीकर निवडून दिले होते तिथं. तिसऱ्या दिवशी येऊन आमच्या सोफ्यावर बसले. लूमवर जाणारे सगळे पुरुष म्हणाले होते, मास्तर, फर्स्ट क्लास वाजतंय, हात लावू नका. त्यांना काही टोचतच नव्हतं. आणि बायका गप्प होत्या. मास्तरांनी परत विचारलं, शपथ घातली, तेव्हा एकेकीनं कबूल केलं की दुपारी घरात कुणी नसलं की त्याही ते बटण खाली करून ऐकतात. त्यातली एक त्यांची स्वतःची बायको.

"सगळ्या बायांना माहीत होतं," ते म्हणाले. "आमच्यातल्या एकालाही नाही." त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

मला वाटलं, आता हे यायचे नाहीत. पण पुढच्याच सुट्टीला हजर. टाळी वाजवली नाही. हिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "वहिनी, मला ऐकू येत नाही ते काय काय आहे, सांगाल का?"

तेव्हापासून तो नेम झाला. मी भजन लावायचो, मास्तर डोळे मिटून बसायचे आणि ही त्यांना सांगत जायची. आता झांज. आता बाईनं श्वास घेतला. आता तंबोऱ्याची तार झणझणतेय. मास्तर प्रत्येक वेळी मान डोलवायचे. कधी विचारायचे, झांज डावीकडून की उजवीकडून? ही नीट ऐकून सांगायची. मी हिच्याबरोबर चाळीस वर्षं संसार केला, पण हिचे कान इतके तयार आहेत हे मला तेव्हा कळलं. नवे स्पीकर घ्यायला कुणी आलं की मास्तर हिलाच दुकानात घेऊन जायला लागले. दुकानदाराला सांगायचे, आजपासून निवड वहिनींची, मी फक्त अँप्लिफायर गरम होतो का ते बघणार.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मास्तर वारले. झोपेतच.

परवा संध्याकाळी मी तीच भजनं लावली. ही सोफ्यावर मेथी निवडत होती. कडवं संपलं आणि ती एकदम म्हणाली, "आता झांज." मग जुडी हातात धरून तशीच बसून राहिली. मला म्हणाली असती तर हळू म्हणाली असती. मास्तरांना ऐकू जावं इतक्या मोठ्यानं म्हणाली होती ती.