अळणी आमटी

थोरल्या भावाच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. करकंबला त्याची शेती. आठवड्यातून दोनदा वहिनी त्याला डायलिसिससाठी एसटीनं सोलापूरला आणायची. चार तास मशीनवर काढून दोघं दुपारी माझ्या घरी जेवायला येत.

पहिल्या दिवशी मी दोन आमट्या केल्या. भावासाठी बिनमिठाची, आम्हा दोघींसाठी नेहमीची. वहिनीनं वाटी बाजूला सारली.

"ताई, मला त्यांच्यातलीच वाढा."

मला वाटलं, संकोच असेल. मग कळलं, घरीही तिचं तेच चाललं होतं. मुलांपुरतं वेगळं काढून त्यात मीठ घालायची, स्वतः मात्र त्याच्याबरोबर अळणी खायची. "एकट्या माणसाला कसं गिळवंल?" एवढंच म्हणाली.

तेव्हापासून मीही एकच आमटी करू लागले. पथ्याप्रमाणे भाजी उकडून तिचं पाणी ओतून द्यायचं, मग लसूण-जिऱ्याची फोडणी, वरून लिंबू. चव आणायला फार धडपडायची मी. भाऊ मुकाट्यानं जेवायचा. पाणीसुद्धा त्याला मोजून.

एकदा वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. भाऊ भिंतीला धरत स्वयंपाकघराच्या दारात आला.

"तिच्या वाटीत मीठ घाल."

"ती खायची नाही, दादा."

"सांगू नगंस तिला. पथ्य मला हाय, तिला न्हाय. लई वाळलीया ती."

मी तसंच केलं. पहिल्याच घासाला वहिनी थांबली. माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. तो खाली मान घालून भाकरी कुस्करत बसला होता. ती पदरानं डोळे पुसत राहिली, पण तिनं वाटी संपवली. मगच भावानं घास तोंडात घातला.

त्यानंतर तो सात महिने जगला.

वहिनी आता गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. मागच्या महिन्यात गेले तेव्हा तिथंच तिच्यापाशी बसले होते. तिनं पातेल्यात मीठ टाकून ढवळलं आणि थोडी खिचडी माझ्या तळहातावर ठेवली.

"बगा की, ताई. मला अजून मिठाचा अंदाज येत न्हाय."

फुंकर मारून मी चाखली. मीठ कमी होतं. तसं सांगितलं. तिनं आणखी थोडं घातलं आणि झाकण ठेवलं.