गोलातलं बोलणं

सावली या तालुक्याच्या गावापलीकडे एका धानाच्या खेड्यात सत्यशीलाबाई सहावीला शिकवतात. माहेर वरोऱ्याचं. वडील सोमाजी रेल्वेत गँगमन होते, शाळा चौथीपर्यंतच झालेली. संध्याकाळी लेकीला जवळ बसवून ते मार्क कधी विचारत नसत. विचारत, "आज काय समजलं? अन् काय नाई समजलं?" दुसऱ्या प्रश्नाला ती गप्प राहिली की म्हणत, "मंग तू आज शाळेत गेलीच नाई."

नोकरीची पंधरा वर्षं झाल्यावर बाईंना एक गोष्ट खटकायला लागली. उपक्रम पुष्कळ होत. मुलं हसत, हात माखून घेत, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर "मज्जा आली" यापुढे कोणाला शब्द सुचत नसे. म्हणून त्यांनी गोल सुरू केला. उपक्रम संपला की सगळ्यांनी व्हरांड्यात गोल करून बसायचं, बाईंनीही खालीच. प्रश्न तीन: काय केलं? काय दिसलं? मंग आता काय? आणि एक कबुली, की गोलातलं दुसऱ्याचं बोलणं गोलातच राहील.

पहिले दोन महिने मुलं एकमेकांचीच उत्तरं म्हणत राहिली. बाई घाई करत नसत. कोणी अडलं तर पायरीवरच्या मुंग्या बघत बसत, पण उत्तर स्वतः देत नसत. मग एकदा मिठाच्या पाण्यात धानाचं बियाणं टाकून पाहिलं, तेव्हा खुशबू बोलली, "तरंगलेलं बी पोचट रायते. आमच्या घरी तं सारंच पेरतेत. मी आईले दाखवतो." आणि तिने खरंच दाखवलं. त्या दिवशी बाई घरी जाताना उगाच हसत होत्या.

प्रफुल शेजारच्या गावचा शिक्षक. नोकरीला लागला तेव्हा खोली मिळेपर्यंत महिनाभर बाईंच्याच घरी जेवला. "ताई" म्हणायचा. बाईंनी त्याला वर्ग कसा सांभाळावा ते शिकवलं, त्याच्या पहिल्या तपासणीसाठी पाठांची टाचणं रात्री बसून तपासून दिली. तो म्हणाला, "ताई, तुमचा गोल मले एकडाव पाहाचा हाये," तेव्हा त्यांना बरंच वाटलं.

त्या शनिवारी मुलांनी शिवारातल्या पायवाटांवरचे ठसे पाहून व्हरांड्यात रांगोळीने गावाचा नकाशा काढला होता. कुठे डुक्कर, कुठे चितळ, कुठे वाघ, तिथे तिथे चिंचोके ठेवले. प्रफुलने खिडकीत मोबाईल टेकवला.

"हे कायले?" बाईंनी विचारलं.

"माह्यापुरतंच, ताई. घरी पाहून शिकन."

मुलांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "राहू दे."

तिसऱ्या प्रश्नावर नूतनने घरच्या धानशेताच्या बांधावर ठेवलेल्या चिंचोक्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, वाघ आमच्या बांधीच्या धुऱ्यावरून जाते. आन् तिथीच आमचे बाबा डुकरासाठी करंटाची तार लावतेत. वाघ मरन. नाईतं कोणी माणूस मरन. मी आज घरी सांगतो, तार काढा म्हणून."

"सांग," बाई म्हणाल्या. "मीबी येतो तुह्यासंगं."

नूतनचा बाप लच्छू आधी चिडला. डुकरं एका रात्रीत धानाची अर्धी बांधी लोळवतात, ते शाळेच्या पुस्तकात आहे का, म्हणाला. नूतन रडली नाही. तिने अंगणात काडीने धुरा काढून दाखवला, ठसे कुठे होते ते दाखवलं, आणि "बाबा, त्याच वाटेनं मी शेण आणाले जातो," एवढंच बोलली. लच्छू उठून शेताकडे गेला. दिवस मावळायच्या आत त्याने तार गुंडाळून आणली आणि आढ्याला टांगली. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं मोठं काही आपल्या हातून झालं नव्हतं, असं बाईंना वाटलं.

नवव्या दिवशी वनखात्याची गाडी आली. आढ्याची तार काढली, लच्छूला बसवून नेलं. नूतनची आई मनकर्णा शाळेच्या फाटकाशी आली. आत आलीच नाही.

"बाई, त्या फॉरेस्टवाल्याईच्या मोबाईलवर तुमचीच शाळा होती. माही पोरगी बोलून राह्यली होती."

बाईंनी तिथूनच फोन लावला. प्रफुल आधी काही कळलंच नाही असं बोलला. मग म्हणाला, व्हिडिओ उपक्रमांच्या स्पर्धेला पाठवला होता. तिथून ग्रुपवर गेला असेल.

"तू माह्यापुरतं म्हणला होता."

"हो ताई, पण शेवटची तारीख होती. जिल्ह्यातून निवड झाली त्याची."

"कोणाच्या नावानं पाठवला?"

प्रफुल म्हणाला, अर्जात एकाच शिक्षकाच्या नावाची जागा होती. मग बाईंनी दुसरं विचारलं. "नूतन काय बोलली, ते तू ऐकलं नाई?"

"एवढं लक्ष देऊन नाई पाहिलं, ताई. पोरगी मनापासून बोलत होती, म्हणून तेवढाच भाग ठेवला."

बाईंनी फोन बंद केला. नाव चोरलं याचा राग त्यांना आला, नाही असं नाही. पण हा माणूस आपल्या ताटातलं जेवला, आपल्या गोलात बसला, आणि त्याने एका पोरीचं बोलणं ऐकलंसुद्धा नाही, हे त्यांना जास्त लागलं.

बाई मनकर्णाबरोबर वनखात्याच्या कार्यालयात गेल्या. मुलीच्या सांगण्यावरून बापाने तार आपल्या हाताने काढली, मी तिथे हजर होते, असं सहीनिशी लिहून दिलं. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुम्ही कायले यात पडता?" लच्छू पाचव्या दिवशी जामिनावर सुटला. खटला अजून चालू आहे.

नूतन शाळेत येईना. बाकीची मुलं गोल करत, पण तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर येई, "चांगलं वाटलं, मॅडम." मग एके दिवशी बाईंनी तेच प्रश्न स्वतःला विचारले, मुलांसमोर. काय केलं? तुम्हाला न विचारता मोबाईल ठेवू दिला. काय दिसलं? नूतनच्या बाबांना गाडीत बसवलेलं.

खुशबूने विचारलं, "तुमी आमाले काऊन नाई इचारलं?"

"तो माह्या घरचा माणूस होता म्हणून," बाई म्हणाल्या. "माही चूक झाली."

मंग आता काय? ते त्यांनी त्याच संध्याकाळी ठरवलं.

त्यांनी प्रफुलला निरोप पाठवला: स्पर्धेचं बक्षीस तूच ठेव, पण नूतनच्या घरी ये आणि तिच्या तोंडासमोर बोल. "पाहातो," असा उलट निरोप आला. तो आला नाही.

दिवाळीनंतर प्रशिक्षणाचं पत्र आलं. विषय: चिंतन-वर्तुळ. मार्गदर्शक: प्रफुल. हजेरी सक्तीची. बाई मागच्या रांगेत बसल्या. पडद्यावर त्यांचेच तीन प्रश्न आले, जरा शुद्ध भाषेत. प्रफुल चांगला बोलला. त्यांच्याकडे मात्र एकदाही पाहिलं नाही. शेवटी त्याने विचारलं, "कोणाला काही शंका?"

बाई उभ्या राहिल्या. "मुलं तिथी जे बोलतेत, ते बाहेर कोणाले सांगाचं?"

प्रफुलने हातातले कागद सारखे केले. "चांगला प्रश्न आहे, मॅडम," तो म्हणाला, "यावर चहानंतर बोलू."

तो ताई म्हणाला नाही. चहानंतर त्याने पुढचा विषय घेतला.

नूतन त्यानंतर महिन्याभराने शाळेत आली. बापानेच तिला सायकलवर आणून सोडलं. ती आता गोलात बसते, पाठ भिंतीला लावून. तिची पाळी आली की बाई तिच्याकडे बघतात, थांबतात. ती नाही अशी मान हलवते, आणि बाई शेजारच्या मुलीकडे वळतात.