अम्माचं फूल

मंगलागौरीच्या देवळाच्या पायऱ्यांवर ती फुलं विकते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या पुडीत रोज जास्वंदीचं एक फूल जास्त टाकून म्हणायची, "ये अम्मा के लिए." आई जाऊन महिना झाला, तरी मी ते गुपचूप घेत होतो आणि मन मला खात होतं.

मी बँकेच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मुख्य संगणकावर, काम करतो. त्याच्या लायब्ररीत नवा प्रोग्राम ठेवला, तरी रिफ्रेशची आज्ञा मिळेपर्यंत यंत्र मेमरीतली जुनी प्रतच चालवतं. ती आज्ञा देणं माझंच काम.

काल धीर करून म्हणालो, "अम्मा नहीं रहीं."

फुलांवर पाणी शिंपडत ती म्हणाली, "जानते हैं, भइया. तेरही की माला बहूजी यहीं से ले गई थीं." म्हणजे तेराव्याचा हार माझी बायको हिच्याकडूनच घेऊन गेली होती.

"फिर रोज फूल क्यों?"

"आप ले लेते थे न."

आज तिने फूल दिलं नाही, हार दिला. घरी येऊन मी तो पहिल्यांदाच आईच्या तसबिरीला घातला.