जिन्यातले देव

आमच्या पेरुंगुडीच्या सोसायटीत काल जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स बसवल्या, कुणी थुंकू नये म्हणून. ओल्या सिमेंटचा आणि फिनेलचा तो एकत्र वास नाकात शिरला आणि मला एक जुना जिना आठवला.

कॉलेजात असताना मी एका जुन्या सरकारी इमारतीतल्या चित्रांवर इंटर्नशिप केली होती. तिथल्या जिन्याच्या भिंतीवर बंदराचं भलंमोठं चित्र होतं. होड्या, जाळी आणि डोक्यावरच्या टोपल्या सावरत निघालेल्या कोळणी. त्यांच्या पायांवर मात्र पिंकांचे लाल-काळे ओघळ वाळले होते. नाकाला ओढणी लावून मी त्या कोळणींची रेखाटनं करायचे, आणि काहीतरी करा म्हणून तिथल्या साहेबांच्या मागे लागायचे.

एका सोमवारी गेले, तर कोळणी कमरेपासून खाली गायब. चित्रावरच सिमेंट थापून मुरुगन, येशू आणि मक्का ओळीने चिकटवलेले.

साहेब खुशीत होते. "बघ अम्मा, सामी लावले, देव. आता थुंकायची कुणाची हिंमत आहे?"

"पण सर, चित्र?"

"वरचं अर्धं आहे की!"

तेव्हा मला त्यांचीच शिसारी आली होती. आज वाटतं, त्या बिचाऱ्याला जे सुचलं ते त्याने केलं. शिसारी येते ती दुसऱ्याच माणसाची. त्याच सोमवारी दुपारी कडक इस्त्रीच्या शर्टातला एकजण जिना चढत आला. चप्पल काढून मुरुगनला हात लावला, तो डोळ्यांना लावला. मग मान उंचावून, देवांना नीट चुकवून, कोळणीच्या तोंडावर थुंकला.