कोच अहो

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. घरातलं ऐकणारं माणूस गेलं की आपोआप साठतात. बायको, सुमन, गेल्यापासून माझ्याकडे बरेच साठलेत. घ्या थोडे.

मी लंडनच्या हाउन्सलो भागातल्या एका कॉलेजात केअरटेकर होतो. शिक्षण सातवी, पण कोल्हापुरात तालमीच्या टीमकडून फुटबॉल खेळलेला. कॉलेजच्या फुटबॉल टीमला कोचच नव्हता, मी म्हटलं मी होतो. प्रिन्सिपल बाईंनी विचारलं, "कोचिंगचं सर्टिफिकेट?" मी पँट वर करून गुडघा दाखवला. बाईंनी टाके बघितले आणि शिट्टी हातात दिली!

*

मैदानाचा चिखल झाला की तीच पोरं हॉलमध्ये बास्केटबॉल खेळायची. तोही माझ्याच गळ्यात. त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच मॅचला आमच्या पोरानं बॉल हातात धरला आणि मी सवयीनं ओरडलो, "हँडबॉल!"

रेफरी म्हणाला, "कोच, हा खेळच हाताचा आहे!"

*

शनिवारी सुमन डबा घेऊन मैदानाच्या कडेला उभी असायची. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नाही. लांबून ओरडायची, "अहो! जेवून घ्या!" मी "आलो, आलो!" म्हणायचो आणि जायचो नाही.

पोरांना वाटलं, अहो हेच माझं नाव. पोलिश, सोमाली, जमैकन, सगळी "कोच अहो" म्हणायला लागली. सुमन लाजली. "आता मी काय हाक मारू तुम्हाला?"

"तू कोच म्हण."

"बरं. अहो कोच, जेवून घ्या!"

*

एकदा समोरच्या टीमचा कोच पोरांनी टीमच्या कागदावर लिहिलेलं माझं नाव वाचून म्हणाला, "मिस्टर अहो! फिनलंडचे का? तिकडे हे आडनाव असतं."

"कोल्हापूर."

"तिकडेही थंडी फार असेल!"

*

मुलगा जवळच रीडिंग नावाच्या गावी असतो. मला डॅड म्हणतो. नातवाला सांगितलं, माझ्याशी मराठीत बोल. तो म्हणाला, "आजोबा, तू कधी आली?"

म्हटलं, "आत्ताच आली!"

*

आता अहो म्हणणारं कोणी नाही. एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा येतो. चहा-बिस्किटावर भागतं.

परवा दुपारी बिस्किटं घेऊन दुकानातून बाहेर पडलो. सिग्नलला बस थांबली होती. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. दाढी पांढरी झालेली, पण ओळखला. आमचा गोलकीपर मार्कस.

"अहो!" तो सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला. "जेवून घ्या!"

सिग्नल हिरवा झाला. बस गेली.

मी फुटपाथवर उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "आलो!"